कळसूबाईच्या वाटेवर एक दिवस

डोंगरावर जायचं ठरलं की आपण बायका आधी मागे राहणाऱ्यांच्या जेवणाचा विचार करतो. आमचंही तसंच झालं. नाशिकहून आम्ही पाचजणी कळसूबाईला निघालो, त्या घरच्यांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक, भांडी, केरवारे सगळं उरकून. पायथ्याच्या बारी गावात पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. फेब्रुवारीचं ऊन, गवत वाळून पिवळं पडलेलं, सावली नावालासुद्धा नाही. शेवटच्या शिडीच्या अलीकडे एकीला घेरी आली. शिखर समोर दिसत असताना परत फिरावं लागलं. पाय कमी पडले नव्हते, वेळ चुकली होती.

दुसऱ्या खेपेला मात्र नीट आखणी केली. तीच इथे सांगते.

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर म्हणजे ५४०० फूट. बारी हे गाव अकोले तालुक्यात, घोटीहून भंडारदऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर लागतं. मुंबईकडच्या मैत्रिणींनी रेल्वेने इगतपुरीला उतरून घोटीमार्गे यावं. उंचीचा आकडा ऐकून बिचकू नका. बारी गावच मुळात बऱ्याच उंचीवर आहे. तिथून दमादमाने चढायला तीन-साडेतीन तास लागतात. रोज पाऊण तास चालण्याची सवय असेल तर हा चढ झेपतो. नसेल तर महिनाभर आधी जिने चढायला लागा. गुडघे दुखत असतील तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

पावसाळ्यात वाट निसरडी, वर धुकं आणि शिड्यांवर गर्दी. पाऊस सरल्यापासून थंडी संपेपर्यंतचे दिवस उत्तम. सुरुवातीला गेलात तर उतारावर हिरवंगार गवत आणि त्यात सोनकीची पिवळी फुलं दिसतील. नवरात्रात वर देवीची जत्रा असते. निवांतपणा हवा असेल तर ते दिवस टाळा.

घरातून पहाटे साडेचारला निघावं, सातला चढायला लागावं. एक नियम आधीच सगळ्यांनी मिळून ठरवावा : बारा वाजले की असू तिथून मागे फिरायचं. रुसवेफुगवे नकोत.

सलवार-कमीज सोयीची पडते. गावातल्या बायका नऊवारीत सरसर चढतात, पण ती सवय आपल्याला नाही. बूट पकड घेणारे आणि वापरून मऊ झालेले हवेत, नवे कोरे नकोत. वाटेवर कड्याला लोखंडी शिड्या आहेत. त्यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून खांद्याची पर्स नको, पाठीवरची पिशवी घ्या. शिडी उतरताना तोंड शिडीकडेच ठेवायचं आणि पुढची उतरून बाजूला झाल्याशिवाय पाय टाकायचा नाही. परतीला हातात काठी असली की गुडघ्यांना आधार होतो.

खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी, संत्री आणि गुळाचे खडे. पाणी मात्र माणशी तीन लिटर हवंच. साखर-मीठ घातलेलं लिंबूपाणी वेगळं घ्या. हा सारा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. वाळल्या गवतात एक ठिणगी पुरे होते, तेव्हा वर चूल मांडू नये. कागद आणि पिशव्या परत घरी आणाव्यात.

यंदा आम्ही साडेदहाला वर होतो. माथ्यावर देवीचं इवलंसं देऊळ. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले, खाली भंडारदऱ्याचं निळं पाणी. ओटी भरली आणि वाऱ्यात पदर-ओढण्या सांभाळत बसलो.

या देवीची कथा अशी सांगतात, की कळसू ही कोळ्याची मुलगी. जवळच्या गावात एका घरी ती कामाला राहिली. अट एकच, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एके दिवशी घरी पाहुणे आले आणि तिला ते काम करायला लावलं. तिने ते केलं, आणि तशीच उठून या डोंगरावर आली, ती पुन्हा खाली उतरली नाही.

आपल्याला संध्याकाळी उतरायचंच असतं. पण पहिल्या खेपेला आम्ही भांडी-केर उरकूनच तिच्या भेटीला निघालो होतो, आणि भेट झाली नाही. या वेळी घरच्यांना आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे खिचडी झाली, थोडी करपली, पण उपाशी कोणी राहिलं नाही. तेव्हा यादी करायला बसलात की दशम्या-चटणीच्या आधी हे लिहा : त्या दिवशीचा स्वयंपाक घरचे करतील.