द्वादशीची आजी

आजी गेली तेव्हा मामानं गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लावला. डोक्यावरून पदर, ओठ घट्ट मिटलेले, आणि खाली तीन शब्द : प्रेमळ, सोशीक, धर्मपरायण. फ्लेक्सवाल्याकडे हे शब्द तयारच असतात, फोटो तेवढा बदलायचा. ‘सोशीक’ वाचून आईला त्या दिवसांतही हसू फुटलं. थोरल्या जावेनं पितळी पातेलं परत दिलं नाही म्हणून आजीनं वर्षानुवर्षं अबोला धरला होता. दोघी एकाच नळावर पाणी भरायच्या, एकमेकींच्या डोक्यावर घागर चढवून द्यायच्या, पण शब्द नाही.

‘धर्मपरायण’चं काय ते ठरवणं अवघड आहे. आमचं आजोळ बार्शी, म्हणजे भगवंताचं गाव. अंबरीष राजासाठी विष्णू इथं धावून आला, अशी गावाची श्रद्धा. पंढरीला एकादशी करावी आणि बार्शीला येऊन द्वादशीचं पारणं फेडावं, ही वारकऱ्यांची जुनी रीत. बार्शी लाइटची छोटी गाडी, १८९७ साली सुरू झालेली, अडीच फुटी रुळांवरून आषाढीत खच्चून भरून यायची. आजीला अंबरीषाची गोष्ट फार आवडे. द्वादशी सरत आलेली, दुर्वास नदीवर गेलेले परतायचं नाव घेईनात, शेवटी राजानं घोटभर पाण्यावर पारणं साधलं आणि ऋषी भडकले. इथं थांबून आजी आपला निवाडा द्यायची, “पाहुण्यानं जेवायच्या वक्ताला नदीवर बसू नये.”

एकादशी ती करायची, पण ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या चालीवर. तिचा खरा सण दुसऱ्या दिवशी. पहाटेच चूल पेटायची. गव्हाची खीर, आमटी, भाकऱ्या. चातुर्मास लागलेला, म्हणून त्या दिवसापुरती शेंगांची चटणी बिनलसणाची. ती कुटताना आजीचं तोंड वाकडं झालेलं असायचं. ओट्यावर चार-सहा वारकरी बसलेले असत, कुठले कोण हे तिनं कधी विचारलं नाही. मात्र त्यांना वाढण्याआधी ती स्वतः उभ्यानंच भाकरीचा तुकडा मोडून खायची. “रांधणारीनं आधी खाऊन बघावं, मग वाढावं.” बायकांनी शेवटी, उरलंसुरलं खायचं अशा घरात हे वाक्य तिनं सासूसमोर कधी आणि कसं म्हटलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

भाकरीच्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नसे. ज्वारी मालदांडीच. पीठ ताजं हवं, जुन्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना चिरते. मग ती आधणाचं पाणी घालून पीठ मळायची, तळव्याच्या बुडानं रेटत, पिठाला बोलत. काठवटीत भाकरी गोल फिरायची ती बोटांनी नव्हे, जणू आपणहून. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटायची, मग निखाऱ्याशी उभी करायची. टम्म फुगली की पापुद्र्यावर बोटानं टिचकी मारून आवाज ऐकायची. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो आला. त्याच्या भाकरीला ना चव ना चिकटा. आई सांगते, आजीनं खेड्यातून आलेल्या माणसांना ती भाकरी वाढली, पण मान खाली घालून. उपासमारीची लाज वाटावी तशी तिला त्या भाकरीची वाटायची.

आजोबा लवकर गेले. मग आजी चटणी कुटून विकू लागली. तेल सुटेपर्यंत कुटलेली, मुठीत दाबली तर गोळा होणारी. हिशेब दाराच्या मागं कोळशाच्या रेघांनी. उधारी थकली की रेघ आडवी. त्या पैशातून आईचं कॉलेज झालं, हे घरात सगळे सांगतात. त्याच पैशातून ती शेजारणीला घेऊन सिनेमाला जायची, हे कुणी सांगत नाही. मला हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे आईचा त्याग पिढ्यान्‌पिढ्या पुरवून सांगितला जातो, तिची मौज मात्र तिच्याबरोबरच जाते.

शेवटी डॉक्टरांनी मीठ बंद केलं. आळणी वरण पुढं आलं की ती ताट सरकवायची आणि मामीकडे बघून म्हणायची, “ह्यापरास एकादशी बरी.” मामी रडकुंडीला यायची, आणि मग चिमूटभर मीठ कुठून तरी पडायचंच.

तिच्यामागं मामीनं तिच्या नावानं निर्जळी एकादशी धरली आहे. परवा फोनवर सांगत होती. आईनं तिला मध्येच थांबवलं, “अगं, तिच्या नावानं धरायचीच तर द्वादशी धर. आणि चटणीत लसूण घाल, ती नाही आता ओरडायला चातुर्मासाचं.”

“त्या कुठं ओरडायच्या,” मामी म्हणाली, “मीच ओरडायचे.”