हातभर लांबीची महाकाय याने

1960 ते 1990 या काळात चित्रपट आणि दूरचित्रवाणीसाठी बनलेली बहुतेक अंतराळयाने लाकूड, ॲक्रिलिक, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक यांची होती. कार्यशाळेत ती हाताने घडवली जात, कॅमेऱ्यासमोर दांडीवर बसवली जात आणि पडद्यावर शेकडो मीटर लांबीची दिसत. त्याच सुमारास व्हिडिओ गेम जन्माला आले. त्यांतली याने चार-सहा रेषांची किंवा मोजक्या ठिपक्यांची; त्यांना रूप मिळे ते खोक्यावर छापलेल्या रंगचित्रातून. या दोन्ही कलांविषयी आज जगभर जिव्हाळा आहे आणि तो निव्वळ बालपणाच्या आठवणींपुरता नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच अवघड कारागिरी आहे : लहान वस्तूला आकाराने प्रचंड भासवणे.

‘स्टार ट्रेक’ मालिकेसाठी मॅट जेफरीज यांनी आखलेल्या ‘एंटरप्राइझ’ यानाचे मोठे मॉडेल 1964 मध्ये कॅलिफोर्नियात तयार झाले. त्याची लांबी सुमारे 11 फूट. जेफरीज यांना विमानांची चांगली जाण होती. अंतराळात दुरुस्तीसाठी यानाबाहेर पडणे धोक्याचे, तेव्हा सगळी यंत्रे आत असावीत आणि बाहेरचे कवच गुळगुळीत असावे, असा त्यांचा विचार होता. अभियंत्याच्या नजरेने हा तर्क बिनतोड आहे. मॉडेल घडवणाऱ्याची मात्र तो परीक्षा पाहतो. गुळगुळीत पृष्ठभागावर डोळ्याला मोजमापाचा आधार सापडत नाही. ‘एंटरप्राइझ’ला तो आधार बारीक खिडक्यांनी आणि दिव्यांनी दिला. दिव्यांच्या तारा डाव्या बाजूने आत शिरत असल्यामुळे ती बाजू अपुरीच राहिली आणि कॅमेरा उजव्या बाजूला ठेवूनच चित्रण होत गेले. 1974 मध्ये हे मॉडेल वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आले. तिथे ते खऱ्या विमानांच्या आणि अवकाशयानांच्या सोबतीने ठेवलेले आहे आणि तो मान त्याला शोभतो.

दुसरा मार्ग इंग्लंडमध्ये घडला. गेरी अँडरसन यांच्या ‘थंडरबर्ड्स’ (1965) या बाहुल्यांच्या मालिकेत डेरेक मेडिंग्ज यांच्या चमूने यानांना मुद्दाम मळवले. धुराचे डाग, तेलाचे ओघळ, झिजलेल्या कडा पाहताच ते यंत्र वापरातले आहे हे पटते. बाजारात मिळणाऱ्या जोडणीच्या संचांतले भागही हे कारागीर सर्रास वापरत. त्या चमूतले ब्रायन जॉन्सन पुढे स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘2001 : अ स्पेस ओडिसी’ (1968) या चित्रपटाच्या कामात होते, नंतर त्यांनी ‘स्पेस : 1999’ (1975) मालिकेचे ‘ईगल’ यान आखले आणि त्यानंतर ‘एलियन’ (1979) व ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (1980) यांच्या दृश्यपरिणामांत प्रमुख वाटा उचलला. या कलेचा इतिहास पुष्कळसा असा, एका कार्यशाळेतून दुसरीत जाणाऱ्या माणसांचा आहे.

‘2001’मधील ‘डिस्कव्हरी’चे मोठे मॉडेल 54 फूट लांब होते. एवढी लांबी हौसेखातर नव्हती. कॅमेरा लहान वस्तूच्या जवळ नेला की तिचा थोडाच भाग स्पष्ट दिसतो, पुढचा-मागचा धूसर होतो. आणि तो धूसरपणा दिसला की प्रेक्षकाला न सांगताही कळते की वस्तू छोटी आहे. म्हणून भिंगाचे छिद्र अगदी बारीक करावे लागते. छिद्र बारीक झाले की प्रकाश कमी पडतो, मग एकेका फ्रेमला काही सेकंद द्यावे लागतात आणि मॉडेलला गोगलगायीच्या गतीने सरकवावे लागते. मॉडेल जितके मोठे तितका हा जाच कमी. क्युब्रिक यांनी यान, तारे आणि खिडक्यांतली हालचाल एकाच मूळ निगेटिव्हवर निरनिराळ्या वेळी चित्रित करवली. छापावरून छाप काढल्यावर येणारा भुरकटपणा त्यांना नको होता. त्या दृश्यांची धार आजही कमी झालेली नाही.

यानाच्या कवचावरची बारीक नक्षी हा या कलेचा गाभा. प्लॅस्टिकच्या पत्र्यांचा मूळ आकार तयार झाला की त्यावर रणगाडे, तोफा, युद्धनौका आणि मोटारी यांच्या संचांतले सुटे भाग चिकटवले जात. या पद्धतीला किटबॅशिंग म्हणतात. डग्लस ट्रम्बुल यांच्या ‘सायलेंट रनिंग’ (1972) मधले ‘व्हॅली फोर्ज’ हे 25 फुटांच्या आसपासचे यान आणि ‘स्टार वॉर्स’ (1977) मधली जवळजवळ सगळी याने अशीच घडली. रणगाड्यांचे संच विशेष आवडते असण्याला कारण आहे. त्यांतली चाके, कमानी, धुराडी, जाळ्या खऱ्या अभियंत्यांनी खऱ्या कामासाठी आखलेल्या वस्तूंच्या हुबेहूब लघुप्रती असतात. त्या उलट्या किंवा आडव्या बसवल्या तरी त्यांच्यातला यांत्रिक तर्क टिकून राहतो. मनाने रचलेल्या ठोकळ्यांना तो येत नाही.

मात्र भाग चिकटवण्याला शिस्त लागते. सगळा पृष्ठभाग सारखाच भरून टाकला तर डोळा कुठेच थांबत नाही आणि यान पुन्हा लहान दिसू लागते. चांगला कारागीर एखाद्या खोबणीत भागांची दाटी करतो आणि तिच्या शेजारी मोठी सपाट जागा मोकळी सोडतो. दाटीमुळे सपाट जागेचे क्षेत्र कळते, सपाट जागेमुळे दाटी गुंतागुंतीची वाटते. नंतर सर्वांवर राखाडी अस्तराचा एकच हात फिरतो. त्या क्षणी पांढरे, हिरवे, तपकिरी तुकडे आपापला पूर्वेतिहास टाकून एका यंत्राचे होतात. हे काम करणाऱ्यांना सर्वांत मोठे समाधान इथेच मिळते. पुढे पत्र्यांच्या जोडांसाठी बारीक रेघा कोरायच्या, काही चौकोन किंचित गडद व काही किंचित फिके रंगवायचे, खडूची पूड आणि पातळ काळ्या रंगाने काजळी चढवायची. प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच असतो : या यानाशेजारी माणूस उभा केला तर तो किती मोठा दिसेल?

रंगाचा निर्णय किती मोलाचा असतो, हे ‘एलियन’मधील ‘नोस्ट्रोमो’ने दाखवले. हे मालवाहू यान आधी पिवळे रंगवले होते. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी ते राखाडी करून घेतले. पिवळ्यात बांधकामाच्या यंत्राचा मोकळेपणा होता, राखाडीत कारखान्याचा उदासपणा आला. चित्रपटाला दुसराच हवा होता.

‘स्टार वॉर्स’च्या आरंभी पडदा व्यापत जाणारी युद्धनौका प्रत्यक्षात सुमारे 91 सेंटिमीटरची होती. भिंग तिच्या पोटाला जवळजवळ घासत गेले. जॉन डायकस्ट्रा यांच्या चमूने त्यासाठी जी कॅमेरा-यंत्रणा उभारली, तिच्यात मॉडेल जागेवर राही आणि कॅमेरा रुळांवरून फिरे. त्याची प्रत्येक हालचाल इलेक्ट्रॉनिक स्मृतीत नोंदली जात असल्याने तीच चाल हवी तितक्या वेळा तंतोतंत परत करता येई. एका फेरीत कवच, दुसऱ्या फेरीत इंजिनांचा उजेड, असे करत दृश्य जुळवले जाई. छिद्र उघडे असतानाच कॅमेरा हलत असल्यामुळे वेगाचा नैसर्गिक फराटाही फिल्मवर उमटे. याच चित्रपटासाठी आधी घडवलेले तस्करांचे यान ‘ईगल’शी फार जुळते असे लक्षात आल्यावर ते दुसऱ्या भूमिकेत गेले आणि तस्करांसाठी चपटे, गोल ‘मिलेनियम फाल्कन’ नव्याने आखले गेले.

मॉडेल घडवणाऱ्यांच्या बरोबरीने पुस्तकांची मुखपृष्ठे रंगवणारे चित्रकारही याच प्रश्नाशी झुंजत होते. त्यांत ख्रिस फॉस यांचे स्थान वेगळे आहे. 1970च्या दशकात ब्रिटनमध्ये निघालेल्या आयझॅक ॲसिमोव्ह यांच्या पुस्तकांवर त्यांची याने होती. पुष्कळदा कथेशी त्यांचा थेट संबंध नसे, आणि त्याने काही बिघडले नाही. एअरब्रशने काढलेली ही याने पिवळ्या, तांबड्या पट्ट्यांनी आणि चौकटींनी सजलेली असत. बोजड, फुगीर, धुक्यात अर्धी बुडालेली. पट्टा यानाच्या फुगीर अंगावरून वळत जातो आणि आकार सांगतो, धुके अंतर सांगते. अलेहान्द्रो होदोरोव्स्की यांच्या ‘ड्यून’साठीही फॉस यांनी याने रंगवली. तो चित्रपट निघाला नाही, पण त्या चित्रांचा प्रभाव दूरवर गेला.

गेमच्या पडद्यावर अशा तपशिलाला जागाच नव्हती. 1962 मध्ये एमआयटीच्या पीडीपी-1 संगणकावर स्टीव्ह रसेल आणि सहकाऱ्यांनी बनवलेल्या ‘स्पेसवॉर’मध्ये दोन याने होती, एक सुईसारखे निमुळते आणि एक पाचरीसारखे. पार्श्वभूमीला पीटर सॅमसन यांनी खऱ्या आकाशातले तारे त्यांच्या खऱ्या जागी मांडले होते. सगळा खेळ दोन बाह्यरेषांचा असताना कुणाला आकाश अचूक असावेसे वाटले, ही गोष्ट फार मोलाची आहे. 1979च्या ‘ॲस्टेरॉइड्स’मध्ये यान म्हणजे एक लहान त्रिकोण, पण तो पडद्यावर थेट किरणाने रेखला जात असल्याने त्याची रेषा कमालीची स्वच्छ आणि तेजस्वी दिसे.

घरगुती ‘अटारी 2600’ (1977) मध्ये तात्पुरती स्मृती फक्त 128 बाइट होती आणि खेळाडूची आकृती आठ ठिपके रुंद. उरलेले काम खोक्यावरच्या चित्राने करायचे. क्लिफ स्पॉन यांनी अटारीच्या सुरुवातीच्या खोक्यांसाठी चेहरे, हात, वाहने आणि स्फोट एकमेकांत मिसळणारी रंगचित्रे काढली. आतल्या ठिपक्यांशी त्यांचे साम्य नव्हते, म्हणून अनेकांनी या चित्रांना दिशाभूल ठरवले. हा आक्षेप टिकत नाही. खेळणाऱ्याने खोके पाहिलेले असे. मग ठिपका हलला की त्याच्या मनात चित्रातले यान वळत असे. चित्र हा खेळाचाच भाग होता.

डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांच्या ‘एलिट’ने (1984) हे तत्त्व टोकाला नेले. बीबीसी मायक्रो या संगणकाच्या 32 किलोबाइटमध्ये आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत 256 ग्रह बसले, कारण ते साठवलेले नव्हते, गणिती सूत्राने त्या त्या वेळी तयार होत होते. याने नुसत्या रेषांच्या सांगाड्यांची. पण खोक्यात रॉबर्ट होल्डस्टॉक यांची दीर्घकथा, उड्डाणाची पुस्तिका आणि याने ओळखण्याचा तक्ता होता. ‘कोब्रा’, ‘पायथन’, ‘व्हायपर’ अशी सापांची नावे लावलेले ते सांगाडे एवढ्या सामग्रीवर जिवंत झाले.

1993 मध्ये सुरू झालेल्या ‘बॅबिलॉन 5’ मालिकेची याने घरगुती ‘अमिगा’ संगणकांच्या साह्याने तयार झाली आणि मॉडेलच्या कार्यशाळा हळूहळू ओस पडू लागल्या. 1999च्या ‘होमवर्ल्ड’ गेममध्ये मात्र फॉस यांचे पट्टे आणि बोजड आकार संगणकीय यानांवर परतले. त्रिमितीय आकृतीतही प्रमाणाचा प्रश्न तोच होता आणि त्याचे उत्तर मुखपृष्ठांनी आधीच शोधून ठेवले होते.

मूळ वस्तूंचे हाल झाले. चित्रीकरण संपल्यावर मॉडेल मोडली, टाकली किंवा वाटून टाकली जात. ‘2001’मधील चंद्रावर उतरणाऱ्या ‘एरीज’चे मॉडेल दीर्घकाळ बेपत्ता होते, 2015 मध्ये लिलावात ऑस्कर देणाऱ्या अकादमीने ते 3,44,000 डॉलरना घेतले. 2023 मध्ये मॉडेलकार ग्रेग जीन यांच्या संग्रहात सापडलेल्या ‘स्टार वॉर्स’च्या एका ‘एक्स-विंग’ला 31 लाख डॉलरहून अधिक किंमत आली. हौशी कारागिरांची निष्ठा याहून मोठी वाटते. जुनी छायाचित्रे मोठी करून ते प्रत्येक तुकडा कोणत्या संचातला हे ओळखतात, बंद पडलेला संच एका भागासाठी विकत घेतात आणि मूळ मापाचे यान पुन्हा उभे करतात, मूळ कारागिराने घाईत वाकडा बसवलेला तुकडाही तसाच वाकडा ठेवून. खोक्यांवरच्या चित्रांची नोंद उशिरा झाली. टिम लापेटिनो यांच्या 2016च्या ‘आर्ट ऑफ अटारी’ या पुस्तकात ती चित्रे शीर्षक आणि बोधचिन्हाच्या अडथळ्याविना, चित्रकारांच्या नावांसह मोठ्या आकारात छापली गेली.