उजव्या कोपऱ्यातला भाचा

रत्नागिरीला कुणी आंब्यांसाठी जातो, कुणी समुद्रासाठी, कुणी लोकमान्यांचे जन्मस्थान पाहण्यासाठी. गेल्या जानेवारीत मी गेलो तो उपदेश करण्यासाठी.

त्याचे असे झाले. आमच्या मेहुण्यांचा मुलगा तिथे बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. एका रविवारी त्याची बँकेची लेखी परीक्षा होती आणि नेमकी त्याच रविवारी कबड्डीच्या जिल्हा संघाची निवड चाचणी. आदल्या वर्षी खेळताना त्याचा खांदा निखळला होता. वहिनींचा फोन आला, "भावोजी, तुम्हीच या आता. घरात कुणाचं ऐकत नाही तो. तुमचं ऐकेल."

माणसाला खूश करण्यासाठी यापेक्षा अधिक काही लागत नाही. दादरहून पहाटेची गाडी पकडली. खेड मागे पडले, चिपळूण आले. समोरच्या बाकावर बसलेले एक गृहस्थ खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "आमच्या शुभम शिंदेचं गाव!" मी कोऱ्या चेहऱ्याने पाहिले. त्यांना माझी दया आली असावी. उजव्या कोपऱ्यात पकडी करणारा हा चिपळूणकडचा खेळाडू प्रो कबड्डीत पाटण्याकडून खेळला, मग बंगालकडून, आणि २०२४ साली पाटण्याचा कर्णधार झाला, ही सारी हकीकत त्यांनी संगमेश्वर येईपर्यंत सांगितली. पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला. त्या अंधारात मी माझ्या उपदेशाची उजळणी केली.

स्टेशनवर भाचा आला होता. उंची बेताची, मान आखूड, कान चुरगळलेले. "काका, बॅग द्या," म्हणाला आणि डाव्या हाताने उचलली. उजवा हात जपतो आहे हे माझ्या लगेच ध्यानात आले.

दुपारी त्याने मला गाव दाखवले. थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढे इथे आणून ठेवले. १९१६ साली तो इथेच वारला. आपल्या राज्यापासून इतक्या दूर, समुद्राकडे पाहत त्याने तीस वर्षे काढली. मी विषयाला हात घालण्यासाठी म्हटले, "बघ, राजालाही कोपऱ्यात उभं केलं की काय होतं!" भाचा हसला. "काका, त्याला कोपऱ्यात खेळायला शिकवलं नव्हतं कुणी."

मांडवीच्या किनाऱ्यावर मात्र त्यानेच मला शिकवणी दिली. काठीने वाळूत मैदान आखले. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा. "चढाई करणाऱ्याला तीस सेकंद असतात. टाळ्या त्याच्याच. आम्ही सात जण त्याची वाट बघायची. कोपऱ्यातला सगळ्यांत टोकाला. त्याचा पाय बोनसवर पडला की घोटा धरायचा. अर्धा क्षण आधी गेलो तर तो उडी मारून निघून जातो, अर्धा क्षण उशीर झाला तर मला शिवून जातो."

"म्हणजे बहुतेक वेळ नुसतं थांबायचं?"

"थांबणं हाच खेळ आहे, काका."

आमच्या लहानपणी याला आम्ही हुतूतू म्हणत असू. तांबड्या मातीत गुडघे फोडून घ्यायचे आणि घरी मार खायचा, एवढीच त्याची पुढची वाटचाल. पण हाच खेळ १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी करून दाखवला, १९९० मध्ये तो बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत गेला आणि २०१४ पासून त्यात खेळाडूंचे लिलाव होऊ लागले. कोकणातल्या पोरांना मात्र लिलावाच्या आधीपासून एक वाट माहीत होती. भात कापून झाले की शेतात मैदान करायचे, मुंबईला चाकरीला गेले की गिरणगावातल्या मंडळातून खेळायचे, आणि नशीब असेल तर रेल्वेत किंवा पोलिसांत खेळाडू म्हणून नोकरी मिळवायची. आजही राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात.

"मग खांद्याचं काय?" मी विचारले.

तो थोडा वेळ बोलला नाही. "तिशीपर्यंत टिकेल की नाही, माहीत नाही. पण बँकेची परीक्षा पुन्हा येईल. चाचणी वर्षातून एकदाच. आणि यंदाचं वय पुन्हा येत नाही."

माझा उपदेश तयार होता. पण रात्री त्याचा सामना होता, म्हणून म्हटले, सामन्यानंतर बोलू.

मैदान एका देवळासमोर होते. दिव्यांच्या माळा, बाकांवर म्हातारी मंडळी, वडापावचा वास, आणि जवळच्या बागेतून येणारा आंब्याच्या मोहोराचा. उत्तरार्धाचे शेवटचे मिनिट. आमचा संघ एका गुणाने पुढे. प्रतिपक्षाची शेवटची चढाई. भाचा उजव्या कोपऱ्यात वाकून उभा. माझी मूठ नकळत आवळली गेली. त्या गड्याने पाय टाकला, की टाकल्याचे नुसते सोंग केले? भाचा झेपावला. घोटा हाती आला, पण अर्धवट. मदतीला शेजारचा धावला, आणि तो दांडगा गडी दोघांना फरफटत नेऊन मध्यरेषेवर हात टेकवता झाला. दोन गुण. आम्ही एका गुणाने हरलो.

मला गाडीतल्या गृहस्थांचे बोलणे आठवले. २५ फेब्रुवारी २०२२ ला पाटणा अंतिम सामना दिल्लीकडून छत्तीस-सदतीस असा एका गुणाने हरला, तेव्हा शुभम त्या संघात होता. २०२४ च्या डिसेंबरात पुण्याला तो कर्णधार म्हणून अंतिम सामन्यात उतरला, तेव्हाही हरयाणाने हरवले. "म्हणून काय झालं?" ते म्हणाले होते. "दोनदा तिथवर पोचला ना!"

भाचा उठला. खांदा धरून सरळ आपल्या कर्णधाराकडे गेला. कर्णधार म्हणजे मिरकरवाड्याच्या बंदरावर काम करणारा तिशीचा गडी. "दादा, मी घाई केली. चूक माझी," एवढेच म्हणाला. दादाने त्याच्या डोक्यावर टपली मारली. "सकाळी सहाला ये. घोटा परत शिकू."

पस्तीस वर्षे मी कचेरीत काढली. चूक झाली की ती कुणाच्या टेबलावर सरकवायची, हे शिकण्यात त्यांतली बरीचशी गेली. या एकवीस वर्षांच्या पोराला ते शिकवायला मी एवढ्या लांब आलो होतो की काय?

घरी वहिनी दारातच उभ्या होत्या. "बोललात का त्याच्याशी?"

"बोललो," मी म्हटले. "म्हणजे तोच बोलला. वहिनी, जाऊ द्या त्याला चाचणीला. पुढच्या परीक्षेचा अर्ज मी स्वतः त्याच्याकडून भरून घेतो."

वहिनी माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. त्या रात्री मात्र त्यांनी हळद-आंबेहळदीचा लेप गरम केला आणि मुलाचा खांदा शेकत कितीतरी वेळ बसल्या.

त्या रविवारी रात्री फोन वाजला. भाच्याची निवड झाली होती, पण राखीव खेळाडू म्हणून. मी सांत्वनाचे शब्द जुळवत होतो, तोच पलीकडून वहिनींचा चिडका आवाज आला.

"राखीव म्हणजे काय हो, भावोजी? बाकावर बसवून ठेवणार का माझ्या मुलाला? तुम्ही मुंबईला असता, जरा ओळख काढून बघा ना कुणाची!"