सहा गुंठे आणि एक घर

मोठ्या आवारांतलें जुनें घर विकत घेणाऱ्याकडे शहरांतील लोक दोनच दृष्टींनीं पाहतात: एक तर तो बिल्डर असावा, नाहीं तर भोळा असावा. टिळकवाडींतील सहा गुंठ्यांचें आवार व त्यांतील कौलारू घर घेण्याचें आम्हीं ठरविलें, तेव्हां बेळगांवांतील आमच्या स्नेह्यांनीं आमची गणना निःशंकपणें दुसऱ्या वर्गांत केली. राहता फ्लॅट आणि गांवाकडील शेताचा वांटा विकून कौलें विकत घेणाऱ्या प्राध्यापकास दुसरें काय म्हणावें?

प्रथम कागद. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं बेळगांव मुंबई राज्यांतून तेव्हांच्या म्हैसूर राज्यांत गेलें, आणि त्या तारखेनें या घराच्या दस्तांचे दोन ढीग करून ठेवले आहेत. मूळ खरेदीखत व भावांचें वांटणीपत्र मराठींत. पुढील वारसनोंदी आणि बोजा नसल्याचा दाखला कानडींत. पहिला ढीग आम्हीं वाचला, दुसरा वकिलांनीं वाचून दाखविला. बाजारांतली कानडी निराळी आणि दस्तांतली निराळी.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ५५ वें कलम असें सांगतें कीं, उलट करार नसल्यास, घेणाऱ्यास साधारण काळजीनें दिसणार नाहीं असा महत्त्वाचा दोष विकणारानें स्वतः होऊन सांगावा. यांतील 'साधारण काळजी' हे शब्द घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवावे. म्हणून आमचें मत असें कीं, जुनें घर आषाढांत पाहावें. दलाल वैशाखाचा आग्रह धरतात तो उगाच नव्हे. आम्ही भर पावसांत गेलों, तेव्हां वृद्ध मालकीणबाईंनीं कोणत्या वाशाखालीं पातेलें ठेवावें लागतें, हें स्वतःच फिरून दाखविलें. ५५ वें कलम त्यांच्या कानांवर कधीं आलें असेल असें वाटत नाहीं. भिंती दगडाच्या व चुन्याच्या, उत्तम. मात्र कोणी सुधारकानें खालच्या दोन हातांवर सिमेंटचा गिलावा चढविला होता, आणि आंतली ओल बाहेर पडण्यास वाट न उरल्यामुळें नेमका तेवढाच भाग फुगला होता. तो खरवडून पुन्हां चुना लावणारा गवंडी शोधण्यांत आमचे तीन महिने गेले.

बँकेच्या मूल्यमापकानें जमीन व इमारत यांची किंमत वेगवेगळी लिहिली. जमीन ६,५३४ चौरस फूट, तिचा आंकडा भरभक्कम. इमारतीची किंमत वयोमानानुसार घटत घटत सागवानी तुळयांच्या मोडीवर येऊन थांबलेली. विहीर आणि फणस यांना रकानाच नव्हता. हा कागद खोटा नाहीं. पण तो हातांत धरून पाहिल्यास घर ही जमिनीवरील एक अडचण ठरते. असें घर उभें राहतें तें केवळ मालकाच्या अनिच्छेवर, आणि ती अनिच्छा सब-रजिस्ट्राराकडे नोंदवितां येत नाहीं.

"पाडणार का?" असें बाईंनीं विचारलें होतें. "आम्ही आहों तोंवर नाहीं," एवढेंच आम्ही म्हणालों. त्याहून मोठें वचन देण्याचा आम्हांस अधिकार नव्हता.

कारण पुण्यास असणारे आमचे चिरंजीव प्रत्येक पत्रांत या आवारांत किती फ्लॅट निघतील याचा हिशेब पाठवितात. हिशेब चुकीचा नाहीं. कर्जाचे हप्ते आमच्या निवृत्तीनंतरही पांच वर्षें चालणार आहेत. त्यास उत्तर म्हणून आमच्यापाशीं आहे ती उघडी तांबडी माती. २०१९ च्या ऑगस्टांतील अतिवृष्टींत शहराच्या सखल भागांत पाणी शिरलें होतें. कुंपणापासून कुंपणापर्यंत फरसबंदी केलेल्या आवारांतलें पाणी जिरणार कोठें? तें रस्त्यावरच येतें. आमच्याकडील बरेंचसें मातींत मुरतें. या युक्तिवादानें हप्ता फिटत नाहीं, हेंही आमच्या गृहिणीनें आम्हांस सुनावलें आहे. मात्र विहिरीचा गाळ काढविण्याचे पैसे तिनेंच दिले.

कौलें चाळणारा आतां लांबच्या खेड्यांतून बोलवावा लागतो. गृहस्थ साठीपलीकडचा, आणि त्याचा मुलगा स्लॅबच्या सेंटरिंगचें काम करतो. मृगापूर्वीं दोन दिवस देतों, पण खालून कौलें देण्यास एक धडधाकट माणूस हवा, असें त्यानें कळविलें आहे. चिरंजीवांस त्या दोन दिवसांची रजा काढून येण्याविषयीं आम्हीं लिहिलें आहे.