बोहारणीकडून आणलेली मुलगी

लहानपणी दादानं मला एक गुपित सांगितलं होतं. "तू आपली नाहीसच. आईनं बोहारणीला दोन जुन्या साड्या देऊन स्टीलचं पातेलं घेतलं, त्या पातेल्यावर तू फुकट आलीस." मी रडत आईकडे गेले. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "फुकट कुठली? तुझ्यासाठी बाबांची एक पँट जास्त द्यावी लागली." सगळे हसले, शेवटी मीही हसले.

तुमच्याही घरात असं कुणीतरी असेलच. कुणी देवळाच्या पायरीवर सापडलेलं, कुणी दवाखान्यात बदललेलं, कुणी भंगारवाल्यानं आणून दिलेलं.

पुढे मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात असताना फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला आपलंच बोट टोचून रक्तगट तपासायचा होता. माझा आला ए. आईचा ओ हे मला तिच्या बाळंतपणाच्या कागदांवरून ठाऊक होतं. बाबांचा बी, त्यांच्या कारखान्याच्या ओळखपत्रावर छापलेला. आणि नुकतंच आम्हाला शिकवलं होतं की ओ आणि बी गटाच्या आईवडिलांना ए गटाचं मूल होत नाही.

सुट्टी लागेपर्यंत मी रोज आरसा बघत होते. माझं नाक बाबांसारखं आहे असं सगळे म्हणायचे. आता ते कुणाचंही असू शकेल असं वाटायला लागलं.

घरी गेल्यावर जेवताना मी अगदी गमतीच्या सुरात म्हटलं, "दादा, तुझी बोहारणीची गोष्ट खरी निघाली बरं का!" आणि रक्तगटाचं सगळं गणित सांगितलं. दादा हसला. बाबा हसले. आई मात्र वाढता वाढता थांबली. आमटीचा डाव भांड्यात ठेवून ती आत निघून गेली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बोहारणीच्या गोष्टीत कुणावरच आरोप नव्हता. माझ्या गोष्टीत सरळ आईकडे बोट होतं.

बाबा दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर रक्तपेढीत आले. "टोचा," म्हणाले. त्यांचा रक्तगट निघाला एबी. एबी गटाचा एक उपप्रकार असतो, ए-टू-बी. त्यात ए हा घटक कधीकधी इतका क्षीण असतो की घाईत केलेल्या स्लाइडच्या तपासणीत तो दिसतच नाही आणि रक्त सरळ बी म्हणून नोंदवलं जातं. बाबांचं तेच झालं होतं. एबी आणि ओ यांची मुलं ए किंवा बी गटाची होतात. म्हणजे माझा ए अगदी नियमाला धरून होता. चुकलं होतं ते ओळखपत्र.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात आलेलं एक कुटुंब. बाळाचा रक्तगट ओ निगेटिव्ह. आईवडील दोघे ओ पॉझिटिव्ह. बरोबर आलेल्या आजी म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या घराण्यात निगेटिव्ह कुणीच नाही." सून खाली बघत होती. घरी काय काय बोलून झालं असेल ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी कागदावर आकृती काढून दाखवली. आरएच घटकाची दोन जनुकं असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेलं. त्यातलं एक जरी पॉझिटिव्ह असलं तरी माणूस पॉझिटिव्हच दिसतो. दुसरं निगेटिव्ह जनुक लपून राहतं. दोघांकडेही असं लपलेलं जनुक असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल निगेटिव्ह होण्याची शक्यता चारात एक असते. आजींना म्हटलं, "याचा अर्थ एक निगेटिव्ह जनुक तुमच्या मुलाकडूनही आलंय. ते त्याला तुमच्याकडून तरी मिळालं, नाहीतर त्याच्या वडिलांकडून." आजी एकदम गप्प झाल्या. सुनेनं मात्र मान वर केली.

नियमात न बसणारी आणखी एक गोष्ट आपल्या मुंबईतलीच. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट जगापुढे मांडला. त्याचं नावच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. ए आणि बी हे दोन्ही घटक एच नावाच्या पायावर उभे असतात. काही थोड्या लोकांमध्ये हा पायाच तयार होत नाही. त्यांच्याकडे ए किंवा बी चं जनुक असलं तरी ते दिसत नाही आणि नेहमीच्या तपासणीत रक्त ओ वाटतं. पण ते जनुक मुलाकडे जातं आणि तिथं उघड दिसतं. म्हणून आईवडील दोघांचे अहवाल ओ असूनही मूल बी गटाचं होऊ शकतं. अशा व्यक्तीला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं, साधं ओ देणं जिवावर बेतू शकतं. त्यामुळे रक्तगट जुळत नाही असं दिसलं तर भांडण्यापेक्षा नीट तपासणी करून घेणं जास्त महत्त्वाचं आहे.

तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, रक्तगट जुळला म्हणून पितृत्व सिद्ध होत नाही, आणि जुळला नाही म्हणून लगेच निकालही लागत नाही. ते काम डीएनए तपासणीचं. दोन, गणित चुकल्यासारखं वाटलं तर तिघांचेही रक्तगट चांगल्या रक्तपेढीत पुन्हा तपासा. जुन्या कार्डावर आणि ऐकीव माहितीवर विसंबू नका. तीन, ही शंका चारचौघांत आणि जेवणाच्या ताटावर काढू नका. आधी संशय स्लाइडवर घ्या.

आणि बोहारणीचा विनोद? खुशाल करा. पण घरात दत्तक मूल असेल तर नको. त्याला त्याची गोष्ट आईवडिलांच्या तोंडून, लहानपणीच आणि प्रेमानं कळायला हवी.

बाबांचा एबीचा अहवाल घेऊन मी आईकडे गेले होते. मला माफी मागायची होती. तिनं तो हातातही घेतला नाही.

"मला कशाला दाखवतेस?" ती म्हणाली. "मी होते ना तिथं."