दोन पेशींची गाठभेट

४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार१९’ या उपचाराचं लोकार्पण झालं. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्या जनुकांत फेरफार करून कर्करोगाच्या पेशीवरची सीडी१९ ही खूण ओळखायला त्यांना तयार करायचं, त्यांची संख्या वाढवायची आणि शिरेतून त्या परत शरीरात सोडायच्या, असा हा कार-टी उपचार. आयआयटीतले राहुल पुरवार, त्यांचे सहकारी आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी वर्षानुवर्षं खपून तो उभा केला. टाटा मेमोरियलच्याच खारघरमधल्या ॲक्ट्रेक केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या त्या जून २०२१ मध्ये. परदेशात ज्याला तीन-चार कोटी मोजावे लागतात, तो उपचार इथे साधारण दहाव्या भागात होऊ लागला.

त्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ साली ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या अशा कर्करोगांचे हे रुग्ण होते, ज्यांच्यापुढे दुसरे उपचार थकले होते. त्यांतल्या सुमारे ७३ टक्के रुग्णांच्या आजाराने या पेशींना दाद दिली. हे यश फार मोठं आहे. पण उरलेल्यांच्या बाबतीत काय झालं असेल, हा प्रश्न त्यानंतर लगेच उभा राहतो. त्याची उत्तरं अनेक असू शकतात. कुणाच्या कर्कपेशी ती खूणच पुसून टाकतात, कुणाचा आजार आधीच फार पसरलेला असतो, तर कुणाच्या टी पेशी आधीच्या औषधांनी दमलेल्या असतात. यांतल्या शेवटच्या कारणापाशी मायक्रोफ्लुइडिक्सचं, म्हणजे अतिसूक्ष्म वाहिन्यांतून द्रव खेळवणाऱ्या माझ्या क्षेत्राचं काम सुरू होतं.

उपचाराच्या एका पिशवीत कोट्यवधी टी पेशी असतात आणि त्या सगळ्या सारख्या नसतात. त्यांची ताकद तपासायची नेहमीची पद्धत सोपी आहे. छोट्या वाटीत टी पेशी आणि कर्कपेशी एकत्र करायच्या, काही तास थांबायचं आणि मेलेल्या कर्कपेशी मोजायच्या. समजा साठ टक्के मेल्या. मग प्रत्येक टी पेशीने थोडं थोडं काम केलं, की मूठभर पेशींनीच सगळी कामगिरी पार पाडली आणि बाकीच्या नुसत्या तरंगत राहिल्या? सरासरीचा आकडा दोन्ही वेळा सारखाच येतो. रुग्णाच्या दृष्टीने मात्र या दोन पिशव्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

तो फरक पाहायचा तर एक टी पेशी आणि एक कर्कपेशी समोरासमोर आणायला हवी, आणि तीही शेकडो ठिकाणी एकाच वेळी. टी पेशीचा व्यास असतो सात ते दहा मायक्रॉन. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. एवढ्या बारीक जिवाला चिमट्याने उचलून हव्या त्या जागी ठेवता येत नाही. तेलात पाण्याचे सूक्ष्म थेंब करून त्यांत पेशी कोंडण्याची एक रीत आहे. तिने एकेका पेशीतली जनुकं वाचण्याचं काम कमालीचं सोपं केलं. २०१५ मध्ये हार्वर्डच्या गटाने असेच थेंब वापरून उंदराच्या दृष्टिपटलातल्या ४४ हजारांहून अधिक पेशी एकेक करून वाचल्या. जोड्या लावायच्या म्हटलं की मात्र ही रीत नशिबावर जाते. प्रत्येक थेंबात दोन्ही प्रकारच्या पेशी सरासरी एकेक पडतील अशी व्यवस्था केली, तरी दोन्हीकडची नेमकी एकच पेशी पडण्याची शक्यता भरते जेमतेम साडेतेरा टक्के. बाकीच्या थेंबांत कुणी एकटं असतं, कुठे गर्दी असते, तर काही थेंब रिकामेच जातात.

नशिबावरचा हा भार २००९ मध्ये एमआयटीतल्या जोएल व्होल्डमन यांच्या गटाने उतरवला. त्यांच्या चिपमध्ये ओळीने हजारो खोबणी असतात. प्रत्येक खोबणीच्या एका बाजूला लहान खाच, जिच्यात एकच पेशी मावते, आणि दुसऱ्या बाजूला मोठी खाच, जिच्यात दोन मावतात. पहिल्या प्रकारच्या पेशी प्रवाहाबरोबर येतात आणि लहान खाचांत अडकतात. खाचेखालून थोडं पाणी वाहत असतं. पेशी बसली की ती वाट बुजते आणि मागून येणाऱ्या पेशी आपोआप बाजूने निघून जातात. मग प्रवाह उलटा करायचा. पेशी लहान खाचांतून सुटतात आणि समोरच्या मोठ्या खाचांत जाऊन बसतात. आता दुसऱ्या प्रकारच्या पेशी सोडायच्या, म्हणजे त्या पहिल्यांच्या शेजारी येऊन टेकतात. बोरघाटाची रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडलं जायचं आणि उलट्या दिशेने निघून ती पुढचा चढ चढायची. या चिपचं तंत्र नेमकं तेच आहे: दिशा उलटते, पण प्रवास पुढेच होतो. या युक्तीने ७० टक्क्यांपर्यंत खोबणींत हवी ती जोडी जमली.

हे सगळं साधतं ते पाण्याच्या एका गुणामुळे. पावसाळ्यात खंडाळ्याच्या कड्यांवरून कोसळणारं पाणी भोवरे घेतं, फेसाळतं, एकमेकांत मिसळतं. तेच पाणी शंभर मायक्रॉन रुंदीच्या वाहिनीतून सेकंदाला एक मिलिमीटर या गतीने सोडलं, की त्याचा चिकटपणा वेगावर मात करतो आणि एकही भोवरा उठत नाही. दोन प्रवाह शेजारी सोडले तर ते पट्ट्यासारखे सरळ वाहत राहतात. त्यांची सरमिसळ होते ती केवळ रेणूंच्या हलण्याने. लहान रेणूला शंभर मायक्रॉन ओलांडायला चार-पाच सेकंद पुरतात, प्रथिनाला मिनिटभर लागू शकतं. म्हणून कुठली पेशी कुठल्या रेषेने जाईल आणि औषध तिच्यापर्यंत केव्हा पोहोचेल, हे चिप बनवण्याआधीच कागदावर मांडता येतं.

चिप बनवण्याची रीत १९९० च्या दशकात हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने रुळवली. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाच्या साहाय्याने वाहिन्यांचा उंचवट्याचा साचा उठवतात. पीडीएमएस नावाचं द्रव रबर घेतात. त्याचे दहा भाग आणि घट्ट करणाऱ्या रसायनाचा एक भाग कपात नीट घोटला, की मिश्रण फेसाने पांढरं दिसतं. ते निर्वात भांड्यात ठेवलं की आतले बुडबुडे फुगून वर येतात, फुटतात आणि मिश्रण काचेसारखं नितळ होतं. मग ते साच्यावर ओतून ओव्हनमध्ये तापवतात. थंड झाल्यावर पातीने कापून सोडवलं, की हातात मऊ, पारदर्शक वडी येते आणि तिच्या पोटाशी खोबणी कोरलेली असतात. नळ्यांसाठी भोकं पाडायची, वडी आणि काचपट्टी विद्युतभारित वायूत, म्हणजे प्लाझ्मात, मिनिटभर ठेवायची आणि एकमेकींवर टेकवायची. त्या अशा चिकटतात की नंतर ओढायला गेलं तर रबर फाटतं. या रबरातून प्राणवायू आरपार जातो, त्यामुळे आतल्या पेशी गुदमरत नाहीत.

पुढचे कित्येक तास मायक्रोस्कोपपुढे जातात. व्होल्डमन यांच्याच गटाने २०१५ मध्ये अशा शेकडो जोड्या एकाच वेळी पाहिल्या. टी पेशीने समोरची खूण ओळखली की तिच्या आत कॅल्शियम उसळतं, आणि विशिष्ट रंगद्रव्य वापरलं तर ती उसळी प्रकाशाच्या रूपाने दिसते. सगळ्या जोड्यांची गाठ एकाच वेळी पडलेली असल्यामुळे पहिल्या स्पर्शाच्या क्षणापासून घड्याळ लावता येतं. त्याच वर्षी ह्यूस्टन विद्यापीठातल्या नवीन वरदराजन यांच्या गटाने ५० मायक्रॉन लांबी-रुंदी-खोलीच्या डब्यांत कार-टी पेशी आणि कर्कपेशी कोंडून त्यांचं चित्रण केलं. अशा डब्यात मावतं १२५ पिकोलिटर पाणी. एकच टी पेशी एकामागून एक अनेक कर्कपेशी मारते, हे त्यांना दिसलं. मदतनीस मानल्या जाणाऱ्या सीडी४ गटातल्या पेशीही सावकाश का होईना, पण हे काम करतात, हेही त्यात पुढे आलं.

या तंत्राच्या मर्यादाही खऱ्या आहेत. पीडीएमएस तेलकट स्वभावाची औषधं स्वतःत शोषून घेतं, त्यामुळे पेशीपर्यंत पोहोचलेली मात्रा आपण दिली त्याहून कमी असू शकते. हवेचा एक बुडबुडा शिरला की अख्खी ओळ वाहून जाते. आणि खोबणीत बसलेली जोडी म्हणजे अस्थिमज्जा नव्हे: शरीरात त्या दोघींभोवती इतर पेशी, त्यांचे संदेश आणि रक्ताचा दाब असतो.

तरीही महाराष्ट्राने हे काम मनावर घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं, कारण त्याला लागणारं सगळं खंडाळ्याच्या अल्याड-पल्याड हजर आहे. घाटाखाली पवई, परळ आणि खारघर इथे उपचार आणि रुग्ण आहेत. पवईतच देबजानी पॉल यांची प्रयोगशाळा मायक्रोफ्लुइडिक्सवर आणि सिकलसेलच्या तपासणीवर अनेक वर्षं काम करते आहे. घाटावर पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं पेशीभांडार आहे. देशभरच्या प्रयोगशाळा तिथून पेशी मागवतात. आयसर आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा शेजारीच आहेत. आणि या तंत्राचा उपयोग कार-टीपुरताच नाही. सिकलसेलचंच पाहा. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत हा आजार घरोघरी माहीत आहे. त्यात वाकड्या झालेल्या लाल पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला आणि पांढऱ्या पेशींना अडकून रक्ताची वाट अडवतात. प्राणवायूचं प्रमाण कमी-जास्त करून ही अडवणूक चिपमध्ये घडवता येते आणि मोडूनही दाखवता येते, हे संगीता भाटिया आणि एल. महादेवन यांचा सहभाग असलेल्या गटाने २००७ मध्येच सिद्ध केलं आहे.

सुरुवात कार-टीच्या पिशवीपासून करता येईल. गुणवत्ता तपासणीसाठी प्रत्येक पिशवीतून नमुना काढावाच लागतो. त्यातल्या काही हजार पेशी चिपवर घ्यायच्या, किती पेशींनी गाठ पडल्यावर मारलं, किती वेळात मारलं आणि एकीने किती मारल्या याची नोंद करायची आणि वर्षभराने ती नोंद रुग्णाच्या प्रकृतीशी ताडून पाहायची. दोन्हींचा मेळ बसला, तर पुढच्या रुग्णाला पिशवी चढवण्याआधीच डॉक्टरांना ठरवता येईल की या पेशी द्यायच्या, की काही दिवस थांबून नव्याने तयार करायच्या.