खरमरीत पत्र

विद्यार्थ्यांचे उतावळे निष्कर्ष तांबड्या शाईनें खोडण्यांत आमचीं ३० वर्षें गेलीं. तथापि घरच्या संगणकांत आम्हीं स्वहस्तें नवा प्रोसेसर बसविला, आणि तें यंत्र दर दहा मिनिटांनीं बंद पडूं लागलें, तेव्हां प्रथम आम्हीं रॅमला दोष दिला व मग दुकानदाराला. बायॉस आधींच अद्ययावत् केल्याचा अहंकार होताच! दुकानदारास खरमरीत पत्रही गेलें. कन्येनें मात्र मुकाट्यानें तापमान पाहिलें: ९५ अंश. पंखा उतरविला, तों त्याच्या बुडाच्या धातूवर जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ती पुसून नवी लावण्याचें आम्हांस सुचलेंच नव्हतें. उष्णतेस वाट न मिळाल्यानें प्रोसेसर आत्मरक्षणार्थ यंत्र बंद पाडीत होता. आतां तें सुरळीत चालतें. क्षमापत्राचे दोन मसुदे आम्हीं फाडले. तिसरा टेबलावर आहे.